रानपिंगळा की साधा पिंगळा?

तोरणमाळच्या सागवनात आमचा धाकटा ओरडला, "अब्बा, रानपिंगळा!" भर उन्हात उघड्या फांदीवर बसलेला. आम्हीही लगेच वहीत नोंद केली. मग दुर्बीण स्थिरावली आणि डोक्यावरचे पांढरे ठिपके स्वच्छ दिसले. नोंद खोडली. पोरगं दुपारभर रुसलं.

रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, चोच दणकट, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र. तो दिवसा वावरतो खरा. पण साधा पिंगळाही ऊन खात बसतो, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नये.

वाचकहो, एका चुकीच्या नोंदीने काय होतं पाहा. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला मिळाला नव्हता. मायनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने चोरलेल्या जुन्या नमुन्याला १९१४ ची, गुजरातमधली खोटी चिठ्ठी लावली आणि पुढचे शोधणारे भलत्याच रानात फिरले. सालिम अलींनाही तो सापडला नाही. पामेला रासमुसेन यांनी आधी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, म्हणूनच नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांच्या चमूला तो ओळखू आला.

संध्याकाळी धाकट्याने वही मागितली आणि खोडलेल्या ओळीखाली स्वतःच लिहिलं : पिंगळा, १.