मढच्या आढ्यावरचा विशालकोन

कल्याणहून माळशेज घाट चढून आलं की पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याच्या सोबतीने रस्ता मढकडे जातो. पाऊस घाटमाथ्याचा, म्हणून या पट्ट्यातलं जुनं घर दुपाखी, कौलारू. पुढचं आणि मागचं पाखं आढ्यावर जिथे भेटतं, तिथे सहावीच्या भूमितीचा धडा उघडा पडलेला असतो. दोन्ही पाखी आडव्या तुळईशी ३० अंशांचा कोन करत असतील, तर त्रिकोणाच्या १८० अंशांतून आढ्याच्या वाट्याला १२० उरतात. खाली दोन लघुकोन, वर विशालकोन. पाखी ४५ अंशांवर नेली की आढ्याचा काटकोन होतो, त्याहून उभी केली की लघुकोन. उतार वाढला तर पाणी झटकन निथळतं, पण वासे लांब लागतात आणि कौलं घसरायची धास्ती वाढते.

वर्गात हेच शिकवताना गाडी व्याख्यांवर अडते. ९० अंशांच्या आत लघुकोन, ९० चा काटकोन, ९० ते १८० च्या मधला विशालकोन, १८० चा सरळ कोन, त्यापुढे ३६० च्या आत प्रविशाल कोन. यादी पाठ होते, कोन समजायचा राहून जातो. भुजा लांब काढल्या की कोन मोठा झाला, असं मुलांना मनापासून वाटतं. भुजा कितीही ओढा, त्यांच्यातलं फाकणं तेवढंच राहतं, हे कुणीतरी हात पसरून दाखवायला हवं.

दुसरा घोटाळा कोनमापकाचा. त्यावर आकड्यांच्या दोन उलटसुलट रांगा असतात. जिथे १२०, तिथेच ६०. मूल चुकीची रांग धरतं आणि ऐसपैस पसरलेल्या कोनापुढे बेधडक ६० लिहितं. हा विशालकोन आहे, म्हणजे उत्तर ९० च्या वरच हवं, एवढं आधी म्हटलेलं असेल तर चूक त्याच क्षणी पकडली जाते. कोनांचे प्रकार शिकायचे ते यासाठी. कोनमापक हातात देण्याआधी मुलांकडून अंदाज वदवून घ्यावा, आणि त्या अंदाजालाही गुण द्यावेत.

त्यासाठी गवंड्याचा किंवा सुताराचा काटकोनी गुण्या वर्गात आणावा. त्याची एक भुजा भिंतीला घट्ट टेकवून कोपरा तपासायचा. दुसऱ्या भुजेजवळची फट टोकाकडे रुंदावत गेली तर कोपरा विशाल. गुण्याच्या दोन्ही भुजा मिळतात तो बिंदू कोपऱ्यात पोचतच नसेल तर लघु. गुण्या नसला तर वर्तमानपत्राच्या पानाचा कोपराही चालेल, तोही काटकोनच.

मढ ज्या तालुक्यात येतं, त्या जुन्नरमधल्या शिक्षकांना तर याहून भव्य साधन लाभलं आहे. खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या. मुलांना तिथे नेलं तर आधी त्यांना तबकडीकडे निरखून बघू द्यावं. क्षितिजापासून १७ अंशांवरून ती वर उचलता येते, ९० ला तोंड थेट आभाळाकडे होतं, आणि तिथे न थांबता ती पलीकडे कलते, ११० अंशांपर्यंत. माथ्यावरून पुढे गेलेल्या त्या २० अंशांत तबकडी विशालकोनात असते.