पायांचे शहर, एका सकाळपुरते

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईच्या पहाटेच्या उपनगरी गाड्यांना एक निराळीच गर्दी असते. एरवी त्या वेळी डब्यांत दिसतात ते रात्रपाळी आटोपून परतणारे कामगार, बाजार गाठू पाहणारे भाजीविक्रेते आणि रिकाम्या पाट्या घेऊन धक्क्यावर निघालेल्या कोळणी. त्या दिवशी रेल्वे खास जादा गाड्या सोडते आणि त्यांतून छातीवर क्रमांक टाचलेली, पायांत हलके बूट घातलेली हजारो माणसे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे येत राहतात. पाचच्या सुमारास, अंधार फिटण्यापूर्वीच, मुंबई मॅरेथॉनची पूर्ण पल्ल्याची शर्यत सुटते. अर्ध्या पल्ल्याचे स्पर्धक माहीमहून निघतात. हौशी मंडळींची सुमारे सहा किलोमीटरची दौड उन्हे वर आल्यावर सुरू होते. २००४ साली आरंभ झालेल्या या उपक्रमात २०२५ साली सर्व गट मिळून साठ हजारांच्या आसपास लोक सहभागी झाले. इतकी माणसे पैसे भरून, झोप मोडून, स्वतःच्या देहाला शिणविण्यासाठी एकत्र येतात, याचा अर्थ कोणता लावायचा?

दोन अर्थ आयते तयार असतात. पहिला वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवणीतला: मुंबईचे चैतन्य, मुंबईची जिद्द, धावते शहर. दुसरा पुरोगामी वर्तुळांत सहज ऐकू येणारा: हा सारा सुखवस्तूंचा खेळ आहे; ज्यांना पोटासाठी धावावे लागत नाही त्यांनी हौसेने धावावे आणि ज्यांना धावावे लागते त्यांनी रस्ता बंद म्हणून खोळंबून राहावे. पहिल्या अर्थात आत्मस्तुती आहे, दुसऱ्यात तुच्छता. दुसरा अर्थ सर्वस्वी खोटा आहे असे नाही. प्रवेशशुल्कच हजारांच्या घरात जाते, बुटांची किंमत तर शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी भरते. परंतु दोन्ही अर्थ लावणाऱ्यांनी एक गोष्ट केलेली नसते. प्रत्यक्ष धावणाऱ्यांना त्या सकाळी काय अनुभव येतो, हे त्यांनी विचारलेले नसते.

तो अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. आरंभीचे अंतर सुखाचे असते. मरीन ड्राइव्हवर वारा गार असतो, सोबतीला असंख्य पावलांचा एकसारखा आवाज असतो, आणि प्रत्येकाला आपण आज ठरवल्याहून लवकर पोहोचू असे वाटत असते. वीस किलोमीटरपर्यंत हा भ्रम टिकतो. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास मात्र शरीराचा हिशेब चुकता होऊ लागतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर संपत आलेली असते, ऊन चढलेले असते, घामावाटे मीठ निघून गेल्याने पोटऱ्यांत गोळे येतात. नेमकी अशा वेळी, पस्तीस किलोमीटर मागे टाकल्यावर, पेडर रोडची चढण समोर उभी राहते. मोटारीतून जाताना जी चढण ध्यानातही येत नाही ती त्या वेळी डोंगराएवढी भासते. तेथे हुद्दा उपयोगी पडत नाही, बँकेतील शिल्लक उपयोगी पडत नाही. कंपनीचा व्यवस्थापक आणि त्याच कंपनीतील शिपाई दोघेही तिथे सारखेच वाकतात.

आणि मग जे घडते त्याविषयी जवळजवळ प्रत्येक धावणारा आवर्जून बोलतो. रस्त्याच्या कडेला उभी असलेली अनोळखी माणसे हात पुढे करतात. कुणाच्या हातात संत्र्याच्या फोडी, कुणाच्या हातात बिस्किटे, कुणाच्या तळहातावर चिमूटभर मीठ. एखादी आजी घरून आणलेल्या गुळाचे खडे वाटत असते. लहान मुले छातीवरच्या कागदावरील नाव वाचून मोठ्याने हाक मारतात. आयुष्यात पुन्हा कधीही न भेटणाऱ्या त्या मुलाच्या हाकेने, बसू पाहणारा माणूस पुन्हा पाऊल उचलतो. जात विचारली जात नाही, भाषा विचारली जात नाही. पायांत गोळा आलेल्याला तिसराच कुणी खांद्याचा आधार देतो, आणि त्यापायी स्वतःची वेळ दोन मिनिटांनी वाढली याचे त्याला वैषम्य वाटत नाही.

शर्यत ही वस्तुतः स्पर्धेची गोष्ट. पण हजारोंच्या शर्यतीत जिंकण्याचा प्रश्न मोजक्या नामांकितांपुरता असतो. बाकीच्यांसाठी ती सहकार्याची शाळा ठरते. आपल्या बळावर बेचाळीस किलोमीटर धावलो, असे पदक गळ्यात घालून सांगणारा माणूस मनात जाणून असतो की पाण्याची टेबले पहाटेपूर्वी कुणीतरी मांडली होती, चौकाचौकांत पोलीस उभे होते, मालिश करणारे स्वयंसेवक होते, आणि मागे पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या उचलायला सफाई कामगार वाकत होते. त्यांच्यातील पुष्कळांच्या नशिबी पदक नाही, छायाचित्र नाही, रविवारची सुट्टीही नाही. व्यक्तीच्या पराक्रमामागे समाजाचे श्रम उभे असतात, हे सत्य पोथीतून जितके कळते त्याहून अधिक पेडर रोडच्या चढणीवर कळते. प्रश्न एवढाच की, ते सोमवारी कुठे जाते?

या मार्गावर एक टप्पा असा आहे की जिथे हा प्रश्न फार स्पष्टपणे उभा राहतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर. त्यावर पादचाऱ्याला मज्जाव आहे, सायकलीला मज्जाव आहे, दुचाकी आणि रिक्षालाही मज्जाव आहे. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक समुद्रावर उभारलेला हा रस्ता चारचाकीवाल्यांसाठी राखीव आहे. ज्यांनी त्याचे लोखंड बांधले, काँक्रीट ओतले, त्यांना स्वतःच्या पायांनी तो ओलांडण्याची परवानगी नाही. मॅरेथॉनच्या पहाटे मात्र त्याच सेतूवरून माणसे पायी जातात. खाली समुद्र, वर तारांचे पंख, पूर्वेकडे उजाडू लागलेले. अनेकांना तोच भाग सर्वांत सुंदर वाटतो. ते सौंदर्य खरे आहे. पण तो आनंद अपवादाचा आहे, आणि अपवाद साजरा करताना नियम विसरला जातो.

नियम असा की मुंबई हे मुळात चालणाऱ्यांचे शहर आहे. महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा जो सर्वंकष अभ्यास २००८ साली पुरा झाला त्यात असे दिसून आले की येथील निम्म्याहून अधिक प्रवास निव्वळ पायी होतात. तरीही रस्त्याची आखणी होते ती मोटारीचा वेग डोळ्यांपुढे ठेवून. पदपथ अरुंद करायचा, उरलेल्यावर वाहने उभी राहू द्यायची, आणि चालणारा आडवा येतो म्हणून त्याला जिने चढून वरच्या पुलावर पाठवायचे, हीच रीत. चालणाऱ्याला जागा न देण्याची किंमत काय असते ते २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर कळले. चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेला पादचारी पूल कोसळला, तेव्हाही बळी पडले ते घरी निघालेले नोकरदार आणि परिचारिकाच. ज्या जागेवरून दर जानेवारीत वाजतगाजत शर्यत सुटते, तिच्यापासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे.

स्त्री धावपटूंचा अनुभव या नियमावर आणखी प्रकाश टाकतो. १९६७ साली बॉस्टनच्या शर्यतीत कॅथरीन स्विट्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात तिचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला होता. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडावे लागले. आज मुंबईत हजारो स्त्रिया क्रमांक लावून धावतात, त्यांना कुणी अडवीत नाही. परंतु वर्षभर सराव करताना अंधाऱ्या पहाटे एकटीने रस्त्यावर उतरणे किती जणींना निर्धास्तपणे जमते? शर्यतीच्या दिवशी दिवे लागलेले असतात, पोलीस असतात, माणसे असतात. म्हणजे सुरक्षित रस्ता निर्माण करणे अशक्य नाही. तो एका दिवसापुरता निर्माण केला जातो, एवढेच.

याच शहराने पायांची आणखी एक मिरवणूक पाहिली आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागण्यासाठी ते आले होते. कुणाच्या पायांत झिजलेल्या चपला होत्या, कुणाच्या त्याही नव्हत्या. तळपायांची सालटी निघाली होती. ११ मार्चला ते सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांना त्रास होऊ नये म्हणून त्या दमलेल्या माणसांनी विश्रांती सोडली आणि रातोरात चालून आझाद मैदान गाठले. त्या वेळीही मुंबईकर पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन रस्त्यावर आले होते. पेडर रोडवर मीठ देणारा हात आणि शेतकऱ्याच्या पायाला मलम लावणारा हात एकाच शहराचा आहे. फरक शहराच्या व्यवस्थेत आहे. धावणाऱ्यांसाठी रस्ता आधीपासून मोकळा करून दिला जातो. हक्कासाठी चालणाऱ्यांनी मात्र कुणाची गैरसोय होऊ नये म्हणून रात्रीचा अंधार निवडावा लागतो.

हौसेने धावणारे आणि गरजेने चालणारे यांचे नाते तसे जुने आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळ्यात दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहिली, आणि पुढल्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकसाठी पाठविलेल्या चमूत बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचा समावेश झाला. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. अनवाणी धावण्यासाठी ख्यात असलेले लष्करातील जवान शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांची नोंदविलेली वेळ चार दशकांहून अधिक काळ भारतीयांना मागे टाकता आली नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या आदिवासी घरातून कविता राऊत पुढे आल्या. दुष्काळी माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर मुंबईत भारतीय स्त्रियांमध्ये सलग तीन वर्षे पहिल्या आल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. या साऱ्यांचा पहिला सराव कुठल्या क्रीडासंकुलात झाला नाही, पायवाटेवर झाला.

आणि या ओळीत एक नाव नसलेली स्त्रीही बसते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेली एक शेतमजूर बाई नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या गटात धावली आणि पहिली आली. पतीच्या तपासणीसाठी तिला पैसे हवे होते. बक्षिसाची रक्कम तिने त्यासाठी मिळविली. तिची पुष्कळ वाहवा झाली, पुढे तिच्या जीवनावर मराठी चित्रपटही निघाला. वाहवा योग्यच होती. परंतु एका वृद्धेला पतीच्या औषधोपचारासाठी शर्यत जिंकावी लागते, याची लाज कुणाला वाटली? ती दुसरी आली असती तर?

मुंबईच्या शर्यतीतून दरवर्षी सेवाभावी संस्थांसाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात, असे याला उत्तर दिले जाते. ते खरे आहे, आणि त्या पैशातून चांगली कामेही होतात. पण बारामतीच्या त्या बाईला हवी होती ती देणगी नव्हती. सरकारी रुग्णालयात विनामूल्य तपासणीची सोय होती. देणारा जिथे हात आखडता घेईल तिथे दान संपते. हक्काचे तसे नसते.

म्हणून मॅरेथॉनची टिंगल करण्याचे कारण नाही, आणि तिच्यावर फुले उधळून थांबण्याचेही नाही. जे धावले त्यांच्याकडे शहराविषयीचे एक दुर्मीळ ज्ञान आहे. रस्ता मोटारींवाचून कसा असतो हे त्यांनी पाहिले आहे. परक्याच्या ओंजळीतील पाणी कसे लागते हे त्यांनी चाखले आहे. तळपाय सोलवटले म्हणजे शेवटचे मैल कसे सरतात हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी हे ज्ञान घरी नेऊन पदकाशेजारी टांगून ठेवू नये. आपल्या प्रभागात अखंड पदपथ मागावा. अंधारे रस्ते उजळावेत, महापालिकेची मैदाने खासगी हातांत जाऊ नयेत, तालुक्याच्या गावी धावण्यासाठी एक सपाट मैदान आणि एक शिक्षक असावा, शर्यतीनंतर रस्ता झाडणाऱ्याला कायम नोकरीचे कवच असावे, यासाठी नगरसेवकाचे दार ठोठवावे. आणि पुढल्या खेपेस कुणी शेतकरी, कुणी अंगणवाडी सेविका आझाद मैदानाकडे चालत निघाली, तर वाहतुकीची कोंडी झाली म्हणून कपाळाला आठ्या न घालता पाण्याचा तांब्या घेऊन कडेला उभे राहावे.

दुपार होताच अडथळे हटतात, मोटारी परततात आणि सेतूचे दार पायांना बंद होते. साठ हजार माणसांना एका सकाळी जे मिळाले ते उरलेल्या दिवशी चालणाऱ्या लक्षावधींना मिळवून द्यायचे आहे. ही शर्यत बेचाळीस किलोमीटरहून लांब पल्ल्याची आहे, आणि ती कुणालाही एकट्याने पुरी करता येणार नाही.