समानता म्हणजे सामान्य नव्हे

दोन क्लासमध्ये एकच मेथड दिसली की दोहोंच्या वर तिसरा क्लास काढावा, आणि तो यंत्राने काढून दिला की तो बरोबरच असणार, ही समजूत आपल्या प्रोग्रामर मंडळींत वेदवाक्यासारखी रुजली आहे. ती मोडून काढायला हवी.

यंत्राची निंदा करण्याचा हेतू नाही. विल्यम ऑपडाइक यांचा रिफॅक्टरिंगवरचा प्रबंध इलिनॉय विद्यापीठातला, १९९२ सालचा. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि राल्फ जॉन्सन यांनी अमूर्त सुपरक्लास घडवण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच परंपरेत डॉन रॉबर्ट्स आणि जॉन ब्रँट यांनी स्मॉलटॉकसाठी रिफॅक्टरिंग ब्राउझर उभा केला. मधे नवा सुपरक्लास घालणे, मेथड आणि तिला लागणारी व्हेरिएबल्स वर सरकवणे, ‘सुपर’ला धाडलेल्या संदेशाचा अर्थ बदलत नाही ना हे पाहणे, ही कामे असे साधन माणसापेक्षा चोख करते. पण त्याची हमी एवढीच, की प्रोग्राम काल वागत होता तसाच आज वागेल. सुपरक्लास हे मात्र उद्याविषयीचे विधान असते.

समजा, पिंपळवंडीच्या शेतकऱ्याचा टोमॅटो नारायणगावला क्रेटमधून गेला आणि कांदा आळेफाट्याला गोणीतून. पट्टी करणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही क्लासची ‘हमाली’ ही मेथड अक्षरशः एकच: नग गुणिले दर. यंत्र ती विनातक्रार वर नेईल. उद्या गोणीची हमाली वजनावर ठरली, तर? समानता मालाची नव्हतीच. त्या दिवशीच्या दरपत्रकाची होती.

आपल्याकडे हा विवेक दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी केलेला आहे. अनेक वस्तूंत एक धर्म आढळला म्हणून ती ‘जाति’ होत नाही, कित्येकदा तो केवळ ‘उपाधि’ असतो, असे सांगून त्यांनी ‘किरणावली’त सहा जातिबाधके मांडली. त्यांतले एक सांकर्य. आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. पृथ्वी दोन्ही आहे. असे धर्म एकमेकांत अर्धवट घुसतात, म्हणून त्यांना जाति मानता येत नाही. आता बाजारात पाहा: टोमॅटो नाशवंत पण गोणीतला नाही, कांदा गोणीतला पण तितका नाशवंत नाही, हिरवा वाटाणा दोन्ही. एकच जनक देणाऱ्या स्मॉलटॉकमध्ये वाटाण्याला कोणाच्या पोटी घालणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. स्मॉलटॉक-८० मध्ये डिक्शनरी हा सेटचा उपवर्ग होता, कारण दोहोंची साठवण हॅशिंगची. परिणामी सेटकडून आलेला ‘रिमूव्ह’ हा संदेश डिक्शनरीला ‘शुडनॉटइम्प्लिमेंट’ म्हणून नाकारावा लागला. बापाचे नाव लावायचे आणि बापाचा शब्द नाकारायचा! फारोमध्ये आज दोघेही हॅश्डकलेक्शनखाली आहेत. तिथे निदान नाव तरी प्रामाणिक आहे: सामायिक आहे ती साठवण, स्वभाव नव्हे.

‘पुनरुक्ती तरी गेली ना?’ असे कोणी म्हणेल. गेली, पण तिच्या जागी परावलंबन आले. जावात सुपरक्लास काढला की निदान एक सामायिक प्रकार हाती लागतो. स्मॉलटॉकला त्याचीही गरज नाही. संदेशाला उत्तर देणारी कोणतीही वस्तू तिथे चालते, पूर्वज एक असो वा नसो. केवळ मेथड वाटून घ्यायची असेल, तर हमालीचा हिशेब स्वतंत्र वस्तूकडे सोपवावा, किंवा शेर्ली, ड्युकास, नीरस्ट्राझ आणि ब्लॅक यांनी २००३ साली मांडलेले ट्रेट्स वापरावेत. त्यांसाठी खोटी वंशावळ रचावी लागत नाही.

एवढी सगळी तपासणी करणारे साधन आपल्याला एक प्रश्न मात्र विचारतेच: नव्या क्लासचे नाव काय? प्रोग्रामर घाईने ‘बेस’ किंवा ‘अमूर्तमाल’ असे काहीतरी टंकतो आणि पुढे जातो. तिथेच थांबायला हवे. जे नाव बाजारातल्या आडत्याला सांगितले तर कळणार नाही, त्याच्यामागे सामान्य नाही, निव्वळ योगायोग आहे.