हिंगाच्या डबीचा जमाखर्च

सुखाचा हिशेब मांडताना माणूस बहुधा मोठ्या रकमांकडेच पाहतो. नवे घर, मुलांचे विवाह, दुकानाची दुसरी शाखा, एखादी दूरची यात्रा यांची नोंद मनात पक्की राहते. परंतु आयुष्यातील बहुतेक दिवस अशा मोठ्या नोंदींवाचूनच जातात आणि तरीही ते सुखाचे असतात. सकाळचा वाफाळता चहा, दुपारचा साधा वरण-भात, उन्हातून आलेल्याच्या हाती दिलेला ताकाचा पेला, या किरकोळ सुखांची खतावणी कोणी करीत नाही. ज्या वस्तूमुळे ते सुख लाभले ती कोठून आली, किती हातांतून आली, हा प्रश्न तर त्याहूनही क्वचित विचारला जातो.

स्वयंपाकघरातील हिंगाची डबी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. एखाद्याची सर्वत्र उपेक्षा होऊ लागली की ‘त्याला कोणी हिंग लावूनही विचारीत नाही’ असे मराठीत म्हटले जाते. प्रत्यक्षात विचारपूस होत नाही ती हिंगाचीच. मोहरी तडतडली की चिमूटभर पूड तेलात पडते, क्षणभर सुगंध दरवळतो आणि डबी पुन्हा फळीवर जाते. ज्या घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो तेथे तर या चिमटीवर मोठी जबाबदारी असते. वरण, कढी, पापड, खाखरा, कैरीचे लोणचे या सर्वांचा खमंगपणा बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असतो. तान्ह्या बाळाचे पोट दुखू लागले की आजी पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लेप लावते. आयुर्वेदातील हिंगाष्टक चूर्णाचे नावही त्यावरूनच पडले. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग ही त्यातील आठ द्रव्ये.

कांदा-लसणाची उणीव हिंगाने का भरून निघते, याला शास्त्रीय कारण आहे. कांदा, लसूण आणि हिंग यांचा उग्र वास मुख्यत्वे गंधकयुक्त संयुगांमुळे येतो. कच्च्या हिंगाचा दर्प नकोसा वाटतो. गरम तुपात किंवा तेलात पडताच त्याची उग्रता निवळते आणि मागे उरते ती खमंग चव. युरोपातील लोकांनी हा पदार्थ प्रामुख्याने कच्च्या रूपात हुंगला असावा. जर्मन भाषेत त्याला ‘सैतानाची विष्ठा’ अशा अर्थाचे नाव आहे आणि त्याच्या लॅटिन नावातील दुसऱ्या पदाचा अर्थच ‘दुर्गंधी’ असा होतो. तोच पदार्थ, तोच वास. एका प्रदेशाने त्याला सैतानाकडे सोपवले, तर दुसऱ्याने रोजच्या फोडणीत बसवले.

हिंग इतका घरचा झाला आहे की तो परका आहे याचा विसर पडतो. त्याची जुनी संस्कृत नावे मात्र हे विसरलेली नाहीत. अमरकोशात हिंगाला ‘बाह्लीक’ आणि ‘रामठ’ अशी नावे दिली आहेत. बाह्लीक म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातील बल्ख प्रांताचा परिसर, तर रामठ हे वायव्येकडील एका जनसमूहाचे नाव. मालावर गावाचा शिक्का असावा तशी ही नावे आहेत. हा माल हिंदुकुशाच्या पलीकडून येतो, हे ठाऊक असलेल्या लोकांनीच ती दिली असणार.

अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथील कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवर हिंगाचे झाड वाढते. जिरे, ओवा, बडीशेप आणि कोथिंबीर यांच्याच कुळातले हे झाड माणसाच्या उंचीपर्यंत वाढू शकते आणि त्याला छत्रीच्या आकाराचे पिवळसर फुलोरे येतात. कित्येक वर्षे ते केवळ जमिनीखालच्या जाड मुळात अन्न साठवीत राहते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते. हिंग गोळा करणारा माणूस हा फुलोरा येण्यापूर्वीच झाडापाशी पोहोचतो. तो मुळाभोवतीची माती उकरतो, वरचा भाग छाटतो आणि उघड्या पडलेल्या मुळाला छेद देतो. त्यातून दुधासारखा चीक पाझरतो. उन्हाने तो बिघडू नये म्हणून काटक्या-पाल्याचा आडोसा केला जातो. काही दिवसांनी परत येऊन घट्ट झालेला चीक खरवडायचा आणि पुन्हा पातळ चकती कापून नवा छेद द्यायचा. हा क्रम अनेक आठवडे, मूळ कोरडे होईपर्यंत चालतो. एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने सतराव्या शतकात दक्षिण इराणमधील लारिस्तान भागात ही सारी क्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि १७१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले. मूळ कापण्याची ती पद्धत आजही फारशी बदललेली नाही.

डोंगरातून निघालेला हा माल पूर्वी उंटांच्या काफिल्यांतून आणि काबुली फेरीवाल्यांच्या पाठीवरून हिंदुस्थानात येई. सुभद्राकुमारी चौहान यांची ‘हींगवाला’ ही हिंदी कथा अनेकांनी वाचली असेल. तिच्यातील खान दारोदार हिंग विकतो. गरज नसतानाही घरातील गृहिणी त्याच्याकडून थोडा हिंग घेते. पुढे शहरात दंगल उसळते, तेव्हा बाहेर अडकलेल्या तिच्या मुलांना तोच परधर्मी, परदेशी माणूस सुखरूप घरी आणून पोहोचवतो. खरेदी-विक्रीच्या लहानशा ओळखीतून माणुसकीचा केवढा मोठा व्यवहार घडू शकतो, हे त्या कथेने दाखवले आहे.

आजचा हिंग अर्थातच अडत्यांच्या आणि आयातदारांच्या मार्फत येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी आकड्यांनुसार भारत दरवर्षी सुमारे १,२०० टन कच्चा हिंग आयात करीत असे आणि त्यासाठी सुमारे ६०० कोटी रुपये मोजत असे. साधा भागाकार केला तरी किलोमागे सरासरी ५,००० रुपये पडतात. चिमटीला किंमत असते ती ही.

हा व्यापार राजकारणाच्या वाऱ्यापासूनही सुरक्षित नाही. भारत आणि अफगाणिस्तान यांच्यामधील खुष्कीचा मार्ग पाकिस्तानातून जातो आणि तो दोन्ही बाजूंच्या मालाला नेहमी मोकळा नसतो. म्हणून जून २०१७ मध्ये काबूल आणि दिल्ली यांच्यामध्ये हवाई मालवाहतुकीचा मार्ग सुरू करण्यात आला. काबूलहून आलेल्या पहिल्या विमानात सुमारे ६० टन माल होता आणि त्यात प्रामुख्याने हिंगच होता. दिल्लीहून काबूलला गेलेल्या मालात औषधांचा वाटा मोठा होता. एका बाजूने फोडणीचा सुगंध आला आणि दुसऱ्या बाजूने रुग्णांची औषधे गेली. व्यापार या शब्दाचा याहून सुंदर अर्थ शोधूनही सापडणार नाही.

बंदरावर किंवा विमानतळावर उतरलेला हिंग मात्र तसाच डबीत जात नाही. तो इतका तीव्र असतो की बहुतेक घरांत वापरला जातो तो ‘बांधानी’ हिंग, म्हणजे खाद्य डिंक आणि गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळून सौम्य केलेला. उत्तर प्रदेशातील हाथरस हे या कामाचे जुने केंद्र असून तेथील हिंगाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईतही हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. या मिश्रणात वापरला जाणारा एक महत्त्वाचा डिंक बाभळीच्या जातीच्या आफ्रिकी झाडांचा असतो आणि त्याचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश आहे सुदान. तेथील कोर्दोफान प्रदेशात शेतकरी झाडाच्या सालीला छेद देतात आणि पाझरलेले डिंकाचे मणी वाळल्यावर वेचतात. एप्रिल २०२३ पासून तो देश यादवी युद्धात होरपळतो आहे. डबीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेल्या ‘डिंक, पीठ, हिंग’ या तीन शब्दांमागे अशी तीन वेगवेगळी शिवारे उभी आहेत.

ते वेष्टन वाचण्याची सवय व्यापारी घरांना दोन्ही अंगांनी उपयोगाची आहे. खाद्यपदार्थांच्या नियमांत शुद्ध हिंग आणि बांधानी हिंग यांना वेगळे स्थान आहे. बांधानी हिंग ही भेसळ नव्हे. जे मिसळले ते उघड सांगितले की तो रास्त व्यवहार होतो आणि लपवले की तीच फसवणूक ठरते. दूरच्या डोंगरात कोणी आठवड्यामागून आठवडे राबून मिळवलेला चीक शेवटच्या दुकानात खोट्या नावाने विकला जाऊ नये, हेही त्या श्रमांचे ऋण मानण्यासारखेच आहे.

या वस्तूचा इतिहास एक इशाराही देतो. प्राचीन काळी आजच्या लिबियातील सायरीन नगरीजवळ हिंगाशी साम्य असलेली सिल्फियम नावाची वनस्पती उगवत असे. ग्रीक आणि रोमन लोक तिच्या चिकावर इतके लुब्ध होते की सायरीनच्या नाण्यांवर तिचे चित्र असे. इ.स.पू. ३२९ च्या सुमारास अलेक्झांडरचे सैन्य हिंदुकुश ओलांडीत असताना सरपणाअभावी सैनिकांना जनावरांचे मांस कच्चेच खावे लागले आणि तेथे विपुल उगवणाऱ्या ‘सिल्फियम’मुळे ते पचले, असे स्ट्रॅबो सांगतो. ती वनस्पती हिंगाचीच एखादी जात असावी, असे अभ्यासक मानतात. पुढे सायरीनची मूळ वनस्पती दुर्मीळ होत गेली. आपल्या काळात तिचा एकच देठ सापडला आणि तो सम्राट नीरोला पाठवण्यात आला, अशी नोंद पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने केली आहे. त्यानंतर रोमच्या स्वयंपाकघरांना पूर्वेकडील हिंगावरच भागवावे लागले. नाण्यावर चित्र कोरण्याइतका मान दिला, पण झाड टिकवण्याची व्यवस्था झाली नाही.

हिंगाच्या झाडाचेही दुखणे तेच आहे. चीक काढून घेतलेले झाड बहुधा बी न धरताच मरते. डोंगरावरची सगळीच झाडे फुलण्याआधी कापली गेली, तर पुढच्या पिढीचे झाड येणार कोठून? भांडवल मोडून खाणाऱ्या पेढीची जी गत होते, तीच त्या डोंगराची होईल. म्हणूनच हिंगाच्या लागवडीचे प्रयत्न महत्त्वाचे ठरतात. पालमपूर येथील हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने इराणमधून आलेल्या बियाण्यापासून रोपे तयार केली आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी, त्यातील पहिले रोप लावले. चीक मिळण्यासाठी साधारण पाच वर्षे थांबावे लागते. ज्या देशात हिंगावाचून फोडणीची कल्पना करवत नाही, त्या देशात हिंगाची शास्त्रशुद्ध लागवड सुरू व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

एवढे सगळे कळल्यावर वरणाची चव बदलते काय? जिभेपुरते पाहिले तर नाही. परंतु कृतज्ञता ही केवळ मनात उठणारी गोड लहर असेल, तर ती जेवणाबरोबरच संपते. ज्याचे ऋण मानायचे त्याचे नाव-गावही ठाऊक नसेल, तर ते ऋण कोणत्या खात्यावर लिहायचे? जुन्या पेढीवर रोजमेळ लिहिताना रक्कम कितीही लहान असली तरी कोणाकडून आली हे लिहिल्यावाचून नोंद पुरी होत नसे. रोजच्या सुखांनाही तोच नियम लावता येतो. माहिती करून घेणे ही आभाराची पहिली अर्धी नोंद आहे. उरलेली अर्धी नोंद वागण्यातून होते. जिन्नस वाया न घालवणे, मापात व नावात खोट न करणे आणि ज्या देशांची नावे फक्त युद्धाच्या बातम्यांत ऐकू येतात तेथील माणसांविषयी बोलताना जीभ सांभाळणे, ही ती नोंद होय.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मुलांना नकाशा उघडून बल्ख, लारिस्तान, कोर्दोफान आणि लाहौल शोधायला सांगावे आणि हिंगाची डबी त्यांच्या हाती द्यावी. मग पुढच्या रविवारी मिरी घ्यावी, त्यानंतर केशर, त्यानंतर चहा. फडताळात डब्या पुष्कळ आहेत आणि प्रत्येक डबीला एक गाव आहे.