राबणे आणि कसणे



एरवी आपण या पानावर बियाणे, खते आणि कीड यांविषयी बोलतो. आज जरा बांधावर टेकू आणि ज्या कामात आपला जन्म जातो, त्या कामाविषयीच बोलू.

कोर्टाच्या भाषेत एक शब्द आहे, सक्तमजुरी. गुन्हा केला म्हणून काम करायचे, म्हणजे काम ही शिक्षा! आणि आपण तर घरात पोरांना सांगतो की, काम हाच देव. मग जो देव, तीच शिक्षा कशी होते? या कोड्याचे उत्तर आपल्याच मुलखात, आटपाडीजवळ आहे.

तेथे स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. आटपाडीचा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली ही वसाहत सुरू केली. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनियर त्यांच्याकडे येऊन राहिला होता. कल्पना मुख्यतः त्याची. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांना कोठडीत न कोंडता माळावर आणून वसवायचे, हातात कुदळ-खोरे द्यायचे आणि शेती करू द्यायची. उंच भिंती नाहीत. कैद्याने बायकामुलांसह राहावे, जमीन कसावी. लोकांनी तेव्हा राजाला वेड्यात काढले असेल, तर नवल नाही. पण वसाहत टिकली. संस्थान विलीन झाले तरी ती बंद पडली नाही, आजही चालू आहे. याच मुलखातले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तुमच्यापैकी कित्येकांनी तो जत्रेतल्या तंबूत पाहिला असेल.

आता विचार करा. तुरुंगातही खोरे होते आणि येथेही खोरेच. माती तीच, घाम तोच. उलट माणदेशातला दुष्काळी माळ फोडणे अधिकच कष्टाचे. मग बदलले काय? येथे त्या माणसावर कोणी तरी विश्वास टाकला. त्याने पेरले ते उगवलेले त्याच्या डोळ्यांना दिसत होते आणि पिकवलेली भाकर त्याच्या पोराच्या ताटात पडत होती. एवढ्याने मजुरीतली सक्ती निघून गेली.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही हेच जाणले होते. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ साली तिचा कारभार साताऱ्यास आला. वसतिगृहातली गोरगरिबांची मुले शेतात खपत, स्वयंपाकाला हात लावत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत मुलाच्या हातावर भीक पडत नव्हती. शिक्षण त्याच्या घामाचे होते, म्हणून तो ताठ मानेने शिकला.

हे सारे सांगतो आहे, ते एका गोष्टीची टोचणी लागली म्हणून. मी खानापूर भागात असताना एका बागायतदाराकडे नेहमी जात असे. त्याचा मुलगा पहाटेपासून रात्रीच्या पाळीच्या पाण्यापर्यंत राबायचा. पण पीक कोणते घ्यायचे, माल कधी विकायचा, हे कोणी त्याला विचारत नसे. दाढीच्या पात्यालाही वडिलांपुढे हात पसरावा लागे. एके दिवशी तो गलाईच्या कामाला परमुलखात निघून गेला. पुढे यात्रेत भेटला तेव्हा म्हणाला, “सायेब, तिथंबी मरस्तवर राबायचंच हाय. पर तिथं माज्या कामाचा हिशेब हुतोय.”

मी गप्प झालो. कारण बी-बियाण्याची चर्चा मीही नेहमी त्याच्या वडिलांशीच केली होती. मोटारीचे बटण दाबायला उठणाऱ्या त्या पोराशी चार शब्द बोलावेत, हे मला सुचले नव्हते. घरातल्या बाईचेही तेच. बियाणे निवडून राखेत घालून ठेवते ती, खुरपते ती, धारा काढते ती. आणि आमच्या बैठकीत ती चहाचे कप घेऊन येते आणि आत जाते. चूक आमचीही आहे.

पोरगा शेतीत थांबत नाही, असे गाऱ्हाणे मी गावोगाव ऐकतो. भाव नाही, पाऊस नाही, ही कारणे खोटी नाहीत. ती तुमच्या-माझ्या हातातलीही नाहीत. पण आपण पोराला शेती देतो आहोत की सक्तमजुरी, हे मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून या हंगामात एवढे करून पाहा. दहा गुंठे मुलाच्या हवाली करा. काय पेरायचे ते तो ठरवील, खर्च तो लिहील आणि आलेला पैसा त्याच्याच हातात राहील. पीक फसले तर वर्षभर बोलून दाखवू नका. तुमचीही फसली आहेत, मला ठाऊक आहे! दुधाचे पैसे धार काढणारीच्या हाती द्या. आणि पट्टी आली की ती दिव्याखाली सर्वांना वाचून दाखवा. ज्याने घाम गाळला, त्याला आकडा कळलाच पाहिजे.

राबतो तर बैलही. कसतो तो माणूस, कारण पीक आपले आहे हे त्याला ठाऊक असते. औंधच्या राजाने परक्या कैद्यावर विश्वास टाकला. आपल्याला तर तो पोटच्या पोरावर टाकायचा आहे.

पुढच्या वेळी हरभऱ्यावरच्या घाटे अळीकडे वळू. तोवर रामराम.