सूचना कोण लिहितो? पुण्याच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा विसरलेला इतिहास

१/
वेल्ह्याहून पासली-केळद मार्गाने मढे घाटाकडे जाणाऱ्यांत शनिवार-रविवारी हिंजवडी-खराडीत नोकरी करणारे तरुण पुष्कळ असतात. तानाजी मालुसरे यांचा देह याच घाटाने उमरठला नेला, ही परंपरा त्यांना ठाऊक असते. मात्र सोमवारी ज्या कामावर ते परततात, त्या कामाचा इतिहास क्वचितच ठाऊक असतो. परदेशी कंपन्यांचे सॉफ्टवेअर आपल्याकडे कसे लिहिले जाऊ लागले? आजचा धागा त्याविषयी. #इतिहास #धागा

२/
या इतिहासाच्या दोन लोकप्रिय कथा आहेत. आपले मनुष्यबळ स्वस्त म्हणून काम आले, ही पहिली. आपली बुद्धी तल्लख म्हणून काम आले, ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे. दोन्ही अपुऱ्या आहेत. माझ्या मते हा मुळात लेखी सूचनेचा इतिहास आहे. काम समुद्रापार पाठवायचे तर ते आधी कागदावर संपूर्ण मांडता यावे लागते. आणि ते मांडणारा ज्या टोकाला बसतो, त्याच टोकाला मालकी राहते.

३/
सुरुवात अमेरिकेतील केंब्रिज शहरापासून करू. एमआयटीत शिकलेले नरेंद्र पटणी यांनी १९७२ साली तेथे 'डेटा कन्व्हर्जन' ही कंपनी काढली. त्यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांनी आणि पत्नी पूनम यांनी घरातील एका खोलीला 'अमेरिका' म्हटले, दुसरीला 'भारत'. दोन खोल्यांमध्ये बोलायचे नाही. जे सांगायचे ते फक्त लिहून. केवळ लेखी सूचनांवर काम बिनचूक होते का, याची ती परीक्षा होती.

४/
परीक्षा यशस्वी झाली आणि काम पुण्यात आले. इंग्रजी मजकूर फ्लेक्सोरायटर नावाच्या यंत्रावर टंकलिखित करायचा. यंत्र कागदी फितीवर छिद्रे पाडी. त्या फिती अमेरिकेस रवाना होत आणि तेथील संगणक त्या वाचत. म्हणजे ज्या शहराला पुढे 'आयटीचे शहर' म्हटले गेले, तेथील या कामाचा आरंभ संगणकाविनाच झाला.

५/
मुंबईत याच सुमारास दुसरा प्रयोग चालू होता. १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे प्रमुख फकीरचंद कोहली यांना अमेरिकेच्या बरोज कंपनीचा संगणक हवा होता. परकीय चलनाची टंचाई होती, आयातकर जबर होता. सरकारची अट अशी, की संगणक आणा, पण त्याच्या बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवा. १९७४ साली टीसीएसने ही अट स्वीकारली.

६/
पहिले काम होते रुग्णालयाची एक संगणक-प्रणाली बरोजच्या एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्याचे. बरोजचा संगणक अद्याप यायचा होता. मग मुंबईतील माणसांनी आयसीएल १९०३ या ब्रिटिश बनावटीच्या संगणकावर भाषांतर करणारी आज्ञावली लिहिली आणि काम पुरे केले. जे यंत्र समोर नाही, त्याच्यासाठी केवळ कागदपत्रांच्या आधारे लिहायचे! पटणींच्या दोन खोल्यांचीच ही मोठी आवृत्ती.

७/
आता पुन्हा पुणे. २ जुलै १९८१ रोजी येथे इन्फोसिसची नोंदणी झाली. सातही संस्थापक पटणींच्या कंपनीतून बाहेर पडलेले. सुधा मूर्ती यांनी दिलेले १०,००० रुपये हे आरंभीचे भांडवल. पहिले ग्राहक न्यूयॉर्कचे डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. कंपनीजवळ स्वतःचा संगणक नव्हता. म्हणून बहुतेक सहकारी अमेरिकेस गेले आणि ग्राहकाच्याच यंत्रावर बसून काम करू लागले. काम इकडे येण्याआधी माणसेच तिकडे गेली! १९८३ साली कंपनी बेंगळुरूस हलली.

८/
मग उपग्रह आला. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत केंद्र उघडले आणि थेट उपग्रहाने अमेरिकेशी जोडून घेतले. १९९१ साली सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था उभारली. तिच्या अगदी पहिल्या केंद्रांत पुणे होते. कागदी फितीची जागा दूरसंचाराने घेतली. अमेरिकेत रात्र, आपल्याकडे दिवस. हे अंतर अडचण न राहता सोय ठरले.

९/
शतक सरताना 'वायटूके'चे संकट आले. जुन्या प्रणालींत वर्ष दोनच अंकांत लिहिलेले असल्याने २००० आणि १९०० यांत फरक कळेना. कोट्यवधी ओळी तपासायच्या होत्या. काम किचकट, पण सूचना सुस्पष्ट: तारीख शोधा, दुरुस्त करा. भारतीय कंपन्यांचे पाय पाश्चात्त्य ग्राहकांकडे रोवले गेले ते या कामामुळे.

१०/
आता माझा मुद्दा. फीत, रुग्णालयाची प्रणाली, वायटूके या तिन्हींत 'काय करायचे' हे तिकडे ठरले आणि 'करायचे' ते इकडे. घाटाने माल उतरतो तेव्हा ओझे वाहणारा वेगळा आणि कोणता माल कोठे जावा हे ठरवणारा वेगळा असतो, तसेच हे. वाहणाऱ्याचे कौशल्य खोटे नसते. पण ज्याला केवळ सूचना मिळते, हेतू मिळत नाही, त्याच्या जागी उद्या दुसरा कोणीही बसवता येतो.

११/
हेतू म्हणजे काय, हे आपल्याच इतिहासात पाहा. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळील छावणीतील अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, रात्री दिवे ठेवू नका. दूरच्या माणसांना दिलेल्या याही लेखी सूचनाच. परंतु पत्र कारणे सांगते: उंदीर पेटती वात पळवील, गवत पेटेल, घोडे जातील. ज्याला कारण कळले, तो पत्रात नसलेल्या प्रसंगीही योग्य तेच करील.

१२/
सूचना आपण लिहिल्या, असेही प्रसंग आहेत. अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे, आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट'चे कार्यही सी-डॅकमध्येच वाढले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी भारतात ठरलेल्या 'इस्की' संकेतप्रणालीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. हा धागा देवनागरीत वाचताना आपण त्याच कामाचा लाभ घेत असता. हे काम कोणा परदेशी ग्राहकाने आपल्याला सांगितले नव्हते.

१३/
यावर आक्षेप येईल: निर्यातीच्या कामानेच तर हजारो घरांत स्थैर्य आले, त्याला कमी का लेखता? कमी लेखत नाही. १९७४ साली संगणक मिळवण्याचा तोच मार्ग मोकळा होता, आणि त्या पिढीने तो धैर्याने चोखाळला. याच कोहलींनी १९८१ साली पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. केवळ सांगकामेपणावर भागणार नाही, हे त्यांनी जाणले होते. प्रश्न त्या पिढीच्या कर्तृत्वाचा नाही. त्या मार्गालाच मुक्काम मानण्याचा आहे.

१४/
हा प्रश्न आज तातडीचा का? जी सूचना पूर्णपणे लिहिता येते, ती आता यंत्रालाही देता येते. दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी चित्रांवर खुणा करणे, ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणे अशी कामे भारतातील लहान गावांपर्यंत पोहोचली आहेत. उद्या ती पासलीतल्या एखाद्या मुलीच्या हातातील फोनवर येतील, तेव्हा तो फ्लेक्सोरायटरचाच पुनर्जन्म असेल. तिला रोजगार मिळावाच. पण ते काम कशासाठी आहे हे विचारण्याची मुभाही मिळावी, आणि तिच्या खोऱ्याला काय हवे याची सूचना तिने लिहावी, असा आग्रह पुण्यातील कंपन्यांनी तरी धरावा.

१५/
इतिहासप्रेमींना एक विनंती. किल्ल्यांच्या दगडांना आणखी काही शतके आहेत. या इतिहासाच्या साक्षीदारांना नाहीत. फिती टंकणाऱ्या, आयात-परवान्यासाठी दिल्लीला खेपा घालणाऱ्या पिढीतील माणसे आज सत्तरीपार आहेत, त्यांतील पुष्कळ आपल्याच शहरात. घरात कोणी असेल तर बसून विचारा: काम कसे येई, सूचना कोण लिही, न समजल्यास कोणाला विचारत असत? नियुक्तिपत्र, जुनी नियमपुस्तिका, फितीचा तुकडा सापडल्यास रद्दीत घालू नका. आपल्या घरातील आठवण या धाग्याखाली अवश्य लिहा.