जवानाच्या हातातील रायफल

लढाऊ विमाने, पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रे यांच्या खरेदीवरून आपल्याकडे संसदेत वादळे उठतात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि निवडणुकाही गाजतात. पण देशाच्या पायदळातील जवान जी रायफल घेऊन सीमेवर उभा असतो, तिच्याविषयी मात्र क्वचितच कोणी तोंड उघडतो. ३६ राफेल विमानांचा सौदा सुमारे ५९ हजार कोटी रुपयांचा झाला. सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला तो ५ हजार १२४ कोटींचा, म्हणजे विमानांच्या किमतीच्या एक दशांशाहूनही कमी. इतक्या स्वल्प खर्चात सुटण्याजोगा प्रश्न आपण पाव शतकाहून अधिक काळ सोडवू शकलो नाही, ही गोष्ट आम्हांस चिंताजनक वाटते.

आमच्या वाचकांसाठी हा प्रश्न दूरच्या दिल्लीचा नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे माहेर. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, सावंतवाडी या भागांतील कित्येक घरांतून पिढ्यान्पिढ्या एक तरी मुलगा तेथील केंद्रात दाखल होत आला आहे. विमान किती वेगाने उडते याची चर्चा आपण चवीने करतो. आपल्याच गावच्या मुलाच्या हातातील शस्त्र ऐन वेळी अडते की चालते, याची विचारपूस करण्याचा अधिकार आपल्याला त्याहून अधिक आहे.

इतिहास थोडक्यात आठवणे अवश्य आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त करण्यासाठी आलेल्या आपल्या पायदळाच्या खांद्यावर मुख्यतः ३०३ ली-एनफिल्ड हीच रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करावा लागे. शस्त्र विश्वासू खरे, पण त्याचा मूळ घाट विसाव्या शतकाच्या आरंभीचा होता. त्यानंतर दहाच महिन्यांनी हिमालयात आपली गाठ पडली ती चाप ओढताच पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफली घेऊन आलेल्या चिनी सैन्याशी. १९६२ च्या पराभवाचे खापर एकट्या रायफलीवर फोडणे अन्यायाचे होईल. तेथे कपडे अपुरे होते, दारूगोळा अपुरा होता, आणि वरिष्ठांचे शहाणपणही अपुरे पडले. तथापि जवानाच्या शस्त्राची निवड लांबणीवर टाकण्याचा हिशेब रणांगणावर चुकता करावा लागतो, हा धडा त्या वर्षाने दिला. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात बेल्जियमच्या फाल रायफलीवर बेतलेली ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल बनू लागली आणि १९७१ च्या युद्धात तिने आपले नाव राखले. लांब, चार किलोंहून अधिक वजनाची, खांद्याला दणका देणारी. पण तिची गोळी लागली की शत्रू उठत नसे, असे जुने सैनिक आजही अभिमानाने सांगतात.

मग ती सोडली का? याचे उत्तर आपल्या देशाबाहेर आहे. १९५२ मध्ये अमेरिकन सैन्यासाठी नॉर्मन हिचमन यांनी एक अहवाल तयार केला. प्रत्यक्ष लढाईत रायफलीचा वापर तीनशे यार्डांपलीकडे क्वचितच होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मग हजार यार्डांची ताकद असलेले जड काडतूस जवानाने का वाहावे, हा प्रश्न त्यातून ओघानेच निघाला. रशियनांनी तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीसच ओळखून ३९ मिलिमीटर लांबीचे मध्यम काडतूस काढले होते आणि त्यावर कलाश्निकोव्ह रायफल उभी राहिली. ब्रिटिशांनी १९५१ मध्ये असाच मध्यममार्गी शोध लावला होता, पण अमेरिकेच्या आग्रहापुढे त्यांना तो गुंडाळावा लागला. पुढे अमेरिकेनेच स्वतः घातलेली ७.६२ ची मर्यादा ओलांडून ५.५६ मिलिमीटरची हलकी गोळी स्वीकारली. तिचे काडतूस जुन्या काडतुसाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. जग त्या वाटेने गेले आणि आपणही गेलो.

आपली इन्सास रायफल ही त्या वाटचालीचे फळ. तिचा आराखडा पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत तयार झाला. मराठी माणसाला या संस्थेविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे; परंतु आपुलकीपोटी सत्य झाकणे हा त्या संस्थेवरच अन्याय ठरेल. रायफल ठरल्या वेळेहून कितीतरी उशिरा आली. दरम्यान काश्मीरमध्ये एके-४७ घेतलेल्या अतिरेक्यांशी सामना सुरू झाला होता, म्हणून पूर्व युरोपातून घाईघाईने एके जातीच्या रायफली मागवाव्या लागल्या. १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सास शिखरांवर पोहोचली, तेव्हा कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जात असल्याच्या आणि ऐन वेळी ती अडत असल्याच्या तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही मोठी प्राणहानी झालेल्या एका चकमकीनंतर अशीच तक्रार केली. आपल्याकडून उत्तर गेले ते, रायफल नीट हाताळली गेली नाही, असे! नाचता येईना, अंगण वाकडे; येथे मात्र अंगण बांधणाऱ्यानेच नाचणाऱ्याला दोष दिला.

नवी रायफल सदोष निघणे हे काही जगावेगळे पाप नव्हे. अमेरिकेची एम-१६ व्हिएतनाममध्ये इतकी अडू लागली की १९६७ मध्ये त्यांच्या प्रतिनिधिगृहाच्या इचर्ड समितीने चौकशी केली. दारू बदलली गेली होती, नळीच्या कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईची साधनेसुद्धा पुरेशी दिलेली नव्हती, हे सारे चव्हाट्यावर आले आणि दुरुस्त झाले. तीच रायफल आणि तिची भावंडे पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. ब्रिटिशांच्या एसए-८० रायफलीची १९९१ च्या आखाती युद्धातील वाळूत फजिती झाली. त्यांनी अखेर जर्मन कंपनीकडून तिची नव्याने घडण करून घेतली, आणि सुधारलेली रायफल सैनिकांनी स्वीकारली. दोष दडवला तर तो वाढतो आणि मांडला तर सुटतो, एवढाच या दोन्ही कथांचा सारांश आहे. आपल्याकडे इन्सासमध्ये पुढे सुधारणा झाल्या हे खरे. पण संसदेसमोर तिची सांगोपांग, उघड चौकशी कधी झाली नाही. म्हणून जवानाचा गेलेला विश्वास परत आला नाही, आणि ज्या शस्त्रावर विश्वास नाही ते शस्त्र कागदावर कितीही उत्तम असले तरी हातात ओझेच असते.

पुढची कथा वरातीमागून घोडे या म्हणीला शोभणारी आहे. २०११ मध्ये एकाच रायफलीला दोन नळ्या लावून दोन जातींच्या गोळ्या मारता याव्यात, अशी अजब मागणी करणारी निविदा निघाली. चार वर्षे चाचण्या झाल्या आणि २०१५ मध्ये ती रद्द झाली. मग मारक शक्ती हवी म्हणून पुन्हा ७.६२ बाय ५१ कडे वळून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२ हजार ४०० रायफली तातडीने घेतल्या. २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांचा करार झाला. त्याच २०१९ च्या मार्चमध्ये अमेठीजवळील कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने एके-२०३ च्या कारखान्याचे उद्घाटन झाले. करारावर सह्या व्हायला मात्र पावणेतीन वर्षे लागली, कारण किमतीची घासाघीस उद्घाटनानंतर सुरू राहिली. आधी लग्न, मग मुहूर्त, त्यानंतर पत्रिका जुळवणे, असा हा क्रम!

परिणाम असा की आज आपल्या पायदळात तीन जातींची काडतुसे नांदत आहेत: इन्सासचे ५.५६, एके-२०३ चे ३९ मिलिमीटर लांबीचे ७.६२, आणि सिगचे ५१ मिलिमीटर लांबीचे ७.६२. एकाची गोळी दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. खेचरांच्या पाठीवरून आणि हमालांच्या डोक्यावरून ज्या ठाण्यांना रसद जाते तेथे या त्रिवेणीचा अर्थ काय होतो, हे पुरवठा सांभाळणाऱ्या सुभेदाराला विचारावे.

अशा वेळी अमेरिकेतून नवी हाक आली आहे. चिलखत घातलेला शत्रू दूरवरून टिपता यावा म्हणून तेथील सैन्याने २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरच्या नव्या, जबर दाबाच्या काडतुसाची रायफल निवडली आणि २०२४ पासून ती पलटणींना देण्यास आरंभ केला. आपल्याकडील काही जाणकारांना आतापासूनच तिचे डोहाळे लागले आहेत. आमचे मत स्पष्ट आहे: या मोहात भारताने पडू नये. त्या रायफलीच्या मॅगझिनमध्ये तीसऐवजी वीस गोळ्या बसतात. पूर्वीचा अमेरिकन शिपाई सात मॅगझिनांत २१० गोळ्या नेई, नवा १४० नेतो आणि रायफलही अधिक जड वाहतो. हलक्याकडून जडाकडे, जडाकडून हलक्याकडे आणि पुन्हा जडाकडे, असे हे काट्याचे झोके आहेत. श्रीमंत राष्ट्राला प्रत्येक झोक्याबरोबर कारखाने बदलणे परवडते. आपण प्रत्येक वेळी निम्म्या वाटेवर अडकून पडतो.

आक्षेप असा येईल की एके-२०३ चा परिणामकारक पल्ला तीनशे मीटरचा, आणि लडाखच्या उघड्या पठारावर शत्रू त्याहून दूर दिसतो. आक्षेप खोटा नाही. परंतु त्या अंतरावरील शत्रूसाठी मशिनगन आहे, उखळी तोफ आहे आणि निवडक नेमबाज आहे. त्या नेमबाजांच्या हाती सिगची लांब पल्ल्याची रायफल असावी, आणि पुण्याच्या संस्थेने हैदराबादच्या खाजगी कंपनीच्या साहाय्याने तयार करून जानेवारी २०२४ मध्ये पुढे आणलेली ‘उग्रम’ निर्भीड चाचण्यांत उतरली तर उद्या ती असावी. बाकी सर्वांच्या हाती एके-२०३. काश्मीरच्या गल्ल्यांत आणि ईशान्येच्या जंगलांत, म्हणजे जेथे आपला जवान रोज लढतो तेथे, अंतर हाकेचे असते आणि चिखल, पाऊस, बर्फ सोसणारे शस्त्रच जीव वाचवते. दोन कामे, दोन काडतुसे. तिसऱ्याला सन्मानाने निरोप द्यावा, आणि हा निर्णय पुढील पंचवीस वर्षे कोणीही हलवू नये.

रायफलीचे भवितव्य नळीच्या व्यासात नसून नळीवर बसवलेल्या दुर्बिणीत आहे, असे आम्हांस वाटते. रात्री दिसणारी दुर्बीण आणि अंतर मोजणारे यंत्र यांनी मध्यम रायफल उत्तम होते. ती नसतील तर उत्तम रायफलही अंधारात आंधळी असते. युक्रेनच्या युद्धाने आणखी एक गोष्ट दाखवली. खंदकातील शिपायावर आता डोक्यावरून घिरट्या घालणारे ड्रोन तुटून पडते आणि दोन्ही बाजूंचे सैनिक त्यावर रायफली, प्रसंगी शिकारीच्या बंदुकाही, झाडताना दिसतात. हलते, लहानसे, वेगवान लक्ष्य टिपायला सराव लागतो, आणि सरावाला काडतुसे लागतात. खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांतून निघणारी गोळी सरावासाठी मुबलक आणि दर्जाने निर्दोष मिळते की नाही, हा प्रश्न नव्या रायफलीच्या घोषणेहून महत्त्वाचा आहे.

आमची मागणी माफक आहे. रायफलीची अंतिम पारख महूच्या इन्फंट्री स्कूलने आणि प्रत्यक्ष सियाचीन, राजस्थान व ईशान्येत उभ्या असलेल्या पलटणींनी करावी, आणि नायक-हवालदारांचे मत त्यात नोंदले जावे. दोष आढळल्यास त्याचा अहवाल संसदेच्या संरक्षण समितीपुढे यावा. गुप्ततेच्या बुरख्याआड लपवण्यासारखे त्यात काही नाही. आपल्या रायफलीचे दोष शत्रूला बहुधा आपल्या आधी कळतात. कोरव्याचा कारखाना नुसती जोडणी करणारा न राहता नळीच्या पोलादापासून सर्व काही येथेच घडवतो की नाही, याचा वार्षिक हिशेब देशाला मिळावा. आज ज्या देशाशी आपली मैत्री आहे तो उद्या स्वतःच्या युद्धात गुंतला की सुटे भाग येणे थांबते, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिले आहे.

ज्याचे जळते त्याला कळते. दिल्लीतील टिपणीवर सही लांबल्याने कोणाचा चहा थंड होत नाही. पण बर्फात पालथा पडलेल्या जवानाने चाप ओढला आणि रायफल बोलली नाही, तर त्याला दुसरी संधी नसते. त्या एका क्षणाचे उत्तरदायित्व कोणाचे, हे सरकारने नाव घेऊन ठरवावे. पुढच्या वेळी चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर जाब त्या नावाला विचारता आला पाहिजे.